पाणी बोटीवर बनवायचं की धक्क्यावर भरायचं?

मोटर यॉटवर राहून बहामाजमध्ये हिवाळा काढायला निघालेल्या एका जोडप्याचं अडलंय ते इथे: वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) बसवावा, की मरीनात (बोटी बांधायच्या धक्क्यावर) टाकी भरत राहावं?

खर्चात टाकी सरळ जिंकते. बहामाजमधल्या एग्झुमा बेटांवर पाणी बऱ्याच ठिकाणी गॅलनच्या भावाने विकत घ्यावं लागतं, तरी यंत्राचे हजारो डॉलर वसूल व्हायला कैक हिवाळे जातील.

देखभालीचं मात्र नीट समजून घ्या. यंत्र समुद्राचं पाणी साधारण 55 बार दाबाने मेम्ब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्यातून, ढकलतं. नुसतं पडून राहिलं की आत जंतू वाढतात, म्हणून आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायचं. तेही कार्बन फिल्टरमधून गाळलेल्या, कारण नळातलं क्लोरीन मेम्ब्रेनची वाट लावतं. बंदरातल्या तेलकट पाण्यात तर सुरूच करायचं नाही. विक्रेते यातलं निम्मं बोलत नाहीत!

टाकीला कष्ट कमी. होजमधलं पहिलं पाणी सोडून द्या, चव बघा, मग भरा. पण आंघोळ, भांडी, काचांवरचं मीठ, सगळं हात राखून.

दर चार-सहा दिवसांनी मरीनात बांधणार असाल तर टाकीच बरी. महिना महिना नांगरावर राहणाऱ्यांनी वॉटरमेकर घ्यावा, पण बोट वर्षातले आठ महिने बंद असेल तर नकोच.