नऊ महिने, ४,३०० किलोमीटर आणि तोरणमाळच्या उतारावरचा ब्रेक

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सायकलवर सातपुड्यातल्या तोरणमाळहून उतरत होतो. सातपायरी घाटाच्या तिसऱ्या वळणाआधी ब्रेकचा उजवा लिव्हर दाबला आणि तो थेट हँडलच्या ग्रिपला जाऊन टेकला. पुढचा ब्रेक लागलाच नाही. मागचा ओढला, तोही अर्धवट. वळण दरीच्या बाजूला होतं, म्हणून सायकल डोंगराकडच्या गटारात घातली. पाचोळा आणि सुट्टी खडी होती, त्यात चाक रुतून थांबलो. गुडघा सोलवटला, बाकी काही झालं नाही. उठल्यावर आधी नाकात गेला तो जळका वास. पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर, बाटलीतलं पाणी टाकलं तर चर्र आवाज येऊन वाफ निघाली. चकचकीत स्टीलवर तांबूस-निळा डाग पडला होता.

त्या दिवसापासून या सायकलीचा रिव्ह्यू लिहायचं मनात होतं. घरी येऊन तेव्हाच लिहिलं असतं तर सायकलीला दोन स्टारही दिले नसते. बरं झालं थांबलो, कारण जुलैमध्ये माझं मत निम्म्याहून जास्त बदललं.

सायकलीचे स्पेसिफिकेशन सांगत बसत नाही. तीस-पस्तीस हजारांतल्या बऱ्याच हायब्रिडना (डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या सायकलींना) जे असतं तेच हिलाही आहे: गिअरच्या दातेरी चकत्या पुढे तीन, मागे आठ, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. कंपनीचं आणि दुकानाचं नावही मुद्दाम देत नाही, कारण हा घोळ याच किमतीतल्या कुठल्याही सायकलीत होऊ शकतो. मी शहाद्याचा, बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. वजन ७२ किलो. सायकल दिवाळीनंतर घेतली.

चढाईबद्दल आधी सांगून टाकतो, कारण तिथे तक्रार नाही. सर्वांत छोटी चकती २८ दातांची आणि मागची मोठी ३२ ची. या जोडीवर माणूस चालण्यापेक्षा थोडा जास्त वेगात कितीही वेळ चढू शकतो. शहादा तापीच्या खोऱ्यात आणि तोरणमाळ ११५० मीटरवर, म्हणजे एका दमात हजार मीटरची चढाई. म्हसावद, राणीपूरपर्यंत केळी-पपईच्या बागांमधून सपाट रस्ता, मग सातपुडा समोर उभाच राहतो. पहाटे साडेपाचला निघून दहाच्या आत यशवंत तलावावर पोचलो होतो. सीताखाईच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं तेव्हा पायातला थकवा कुठल्या कुठे गेला. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात असा रस्ता आहे आणि आपली पोरं फोटो काढायला महाबळेश्वरला जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट याहून कठीण. तिथे दोन ठिकाणी उतरून चालावं लागलं, पण तो दोष माझ्या पायांचा, गिअरचा नाही.

आता ब्रेक. हिशेब करून बघा. मी, सायकल, पाणी, पंपासकट सामान मिळून साधारण ९० किलो. हे हजार मीटर खाली आणायचं म्हणजे जवळपास नऊ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. एवढ्या ऊर्जेत अडीच लिटर थंड पाणी उकळी येईपर्यंत तापतं. काही वाटा हवा घेते, पण वळणावळणाच्या घाटात वेग पंचवीसच्या आत ठेवायचा तर हवेचा वाटा कमी आणि ब्रेकचा जास्त. आणि ही सगळी उष्णता जाते कुठे, तर तळहातापेक्षा थोड्या मोठ्या दोन पातळ चकत्यांमध्ये आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या नखाएवढ्या चार पॅडमध्ये. त्या दिवशी मला म्हसावदपर्यंत आणणाऱ्या जीपवाल्या दादांनी हीच गोष्ट एका वाक्यात सांगितली: "सर, आमची गाडी दुसऱ्या गिअरवर उतरते, ब्रेकला पाय लावायचं काम कमी. तुमच्या सायकलीला उतरताना धरून ठेवायला इंजिनच नाही." वर्गात मी ऊर्जा अक्षय्यतेचा नियम वीस वर्षं शिकवतोय. पण सायकलीला इंजिनचा ब्रेक नसतो हे इतकं नेमकं माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

घरी आल्यावर पॅड काढले. पुढचे दोन्ही काचेसारखे गुळगुळीत झालेले, बाहेरच्यावर अर्धा मिलिमीटरही माल उरला नव्हता. अवघ्या १,९०० किलोमीटरमध्ये! दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला. उत्तर ठरलेलं: "सर, पॅड झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, झिजले म्हणून नाही, इतक्या लवकर का झिजले ते बघा. तर म्हणाले सायकल घेऊन या. दुकान धुळ्याला, शहाद्याहून नव्वदेक किलोमीटर. एसटीच्या टपावर सायकल चढवून नेली, कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. तिथल्या पोराने दोन मिनिटं चाक फिरवलं, बाहेरून पॅड सरकवला आणि म्हणाला, झालं. मागच्या ब्रेकला त्याने हातही लावला नाही. कंपनीला ईमेल केला, तीन आठवड्यांनी तेच उत्तर शुद्ध इंग्रजीत आलं. माझी खरी चीड इथे आहे. पैसे मागत नव्हतो. कारण विचारत होतो.

मग मी स्वतःच्या डोक्याने एक चूक केली. ऑनलाइन वाचलं की रेझिनचे पॅड उष्णतेत दगा देतात, धातूमिश्रित सिंटर्ड पॅड घाटात टिकतात. हे खरंच आहे. रेझिन मऊ, आवाज कमी, पकड लवकर घेतं, पण फार तापलं की त्याचा वरचा थर काचेसारखा होतो आणि पकड सुटते. सिंटर्ड उष्णता सोसतं. म्हणून साडेपाचशेची जोडी मागवून पुढे बसवली. एप्रिलमध्ये चाळीसगावला मावसभावाकडे गेलो तेव्हा कन्नडचा औट्रम घाट चढून उतरलो. ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, आणि २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने इथली जड वाहतूक थांबवली गेली. रांगेने उभे ट्रक, दोघांच्या मधून काढलेली वाट, हे माझ्या लहानपणीचं चित्र. या खेपेला पहाटे वर जाताना पाखरांचा आवाज ऐकू येत होता. उतरताना नवे पॅड झकास चालले. मी खूश.

मे महिन्यात डिस्क पुसताना बोट फिरवलं तर पृष्ठभागावर गोल गोल चरे. बारीक अक्षरात डिस्कवरच कोरलेलं होतं, मी तोपर्यंत वाचलंच नव्हतं: 'रेझिन पॅड ओन्ली'. स्वस्त सायकलींना मऊ स्टीलच्या डिस्क देतात, सिंटर्ड पॅड त्यांना कानसीसारखं खातात. नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाडीची असते, दीडवर आली की बदलायची. माझी १.६ वर आली होती. सांगायचा मुद्दा, पॅड बदलण्याआधी डिस्कवर काय लिहिलंय ते भिंगातून का होईना वाचा. दुकानदाराने सायकल विकतानाच ही एक ओळ सांगायला हवी होती. त्याला ती ठाऊक असायलाच हवी.

आता जुलै. पाऊस सुरू झाल्यावर मागचा लिव्हर दाबला की सुटायला वेळ घेऊ लागला. दाबायचा, सोडायचा, आणि तो सावकाश, चिकटल्यासारखा परत यायचा. धुळ्याला पुन्हा जायची इच्छा नव्हती. आमच्या गावात बसस्टँडच्या मागे एक जुना सायकल मिस्त्री आहे, गिअरच्या सायकली फारशा हाताळलेल्या नाहीत. त्याने लिव्हर दोनदा दाबला, कॅलिपरपाशी, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागापाशी, केबल सोडली, पक्कडीने ओढली. तसूभर सरकली आणि अडकली. मग म्हणाला, "भाऊ, पॅडना दोष नही शे. वायर जाम व्हयेल शे, मजार गंज लागेल शे." म्हणजे आत गंज लागून वायर जाम झाली होती. आणि वरच्या आवरणातून केबल बाहेर काढली. खालचा बोटभर भाग तांबडा, खडबडीत, तंतू तुटायला आलेले. आवरणातून विटकरी पाणी टपकलं.

तिथे, त्याच्या दुकानाच्या फळकुटावर बसून, मला सगळा उलगडा झाला.

जानेवारीत मी हीच सायकल घेऊन कोकणात गेलो होतो. मुरुडहून आगरदांडा-दिघी, पुढे दिवेआगर, शेखाडीवरून श्रीवर्धन, मग बागमांडला-वेशवी, केळशी, हर्णै, दाभोळ-धोपावे, गुहागर, तवसाळ-जयगड, गणपतीपुळे आणि शेवटी आरे-वारेवरून रत्नागिरी. चार फेरीबोटी, सहा दिवस. आयुष्यातला सर्वांत सुंदर सायकल प्रवास, यात वाद नाही. शेखाडीच्या रस्त्यावर समुद्र इतका जवळ की भरतीच्या लाटेचा शिंतोडा चाकावर येतो. आरे-वारेला चढावर दम खाऊन मागे वळलो तर दोन्ही पुळणी एकदम दिसल्या आणि मी पाणी प्यायचंच विसरलो. कोकणातले चढ आपल्या घाटांसारखे लांब नाहीत. खाडीवरून एकदम छातीवर येतात, दहा मिनिटांत संपतात, लगेच उतार. प्रत्येक उतारानंतर सपाटी मिळते, ब्रेक गार होतात. म्हणून तिथे काही जाणवलं नाही.

पण खारं पाणी आणि खारी हवा आत शिरली होती. माझ्या सायकलीत मागची केबल सीटखालून उतरत्या दिशेने कॅलिपरकडे येते. वर शिरलेलं पाणी ओघळत खालच्या टोकाला साचतं आणि तिथेच राहतं. परत आल्यावर मी सायकल धुतली, चेनला तेल घातलं, केबलचा विचारही केला नाही. महिन्याभरात गंज पकडला. मागचा ब्रेक हळूहळू निम्म्यावर आला, इतका हळू की मला कळलंच नाही, आणि नकळत मी पुढच्यावर जास्त भार टाकायला लागलो. तोरणमाळच्या उतारावर दोन ब्रेकचं काम एकट्या पुढच्याने केलं. तो तापणार नाही तर काय! त्यात या केबलच्या ब्रेकमध्ये एकच पॅड सरकतो, तो डिस्कला दाबून दुसऱ्या स्थिर पॅडवर नेतो. पॅड झिजले की तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेल आपोआप जागा भरून काढतं, इथे दोन्ही बाजू हाताने जवळ आणाव्या लागतात. मी त्या आणल्या नव्हत्या. लिव्हर ग्रिपला टेकला त्याचं कारण ते.

तर माझं फेब्रुवारीतलं मत, की कंपनीने पॅड फालतू दिलेत, ते मी मागे घेतो. पॅड साधारण होते, फालतू नव्हते. पण केबलची ती रचना चुकीचीच आहे, हे मत मी मागे घेणार नाही. खालच्या टोकाला दहा रुपयांची रबरी टोपी (बूट) दिली असती तरी पाणी आत गेलं नसतं. आणि धुळ्याच्या त्या पोराने मागचा लिव्हर एकदा जरी दाबून पाहिला असता, तर पाच महिने आणि एक डिस्क वाचली असती. आमच्या मिस्त्रीने केबल आणि आवरण मिळून १८० रुपये घेतले. मजुरीचे चाळीस धरून.

बाकी गोष्टी थोडक्यात. पंक्चर नऊ महिन्यांत अकरा, त्यातले सात बाभळीच्या काट्यांचे आणि तीन सराट्यांचे. प्रकाशा ते सारंगखेडा पट्ट्यात कडेच्या मातीवर उतरूच नका. सीट मला मानवली. मधली चकती आता खडखडते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकला तेव्हा हँडलची ग्रिप चिकट झाली, ती बदलली. रंगाचा पोपडा निघालेला नाही.

या सायकलीवर आतापर्यंत सायकलीव्यतिरिक्त खर्च ३,४६० रुपये, त्यातले निम्म्याहून जास्त फक्त ब्रेकवर. गेल्या महिन्यात पुढची नवी डिस्क आणि परत रेझिनचेच पॅड बसवले. नवे पॅड बसवल्यावर गल्लीतल्या उतारावर वीस-पंचवीस वेळा वेगात येऊन हळूहळू वेग कमी केला, पूर्ण न थांबता. पॅडचा थर डिस्कवर नीट बसायला हे करावंच लागतं. घाटात आता सतत दाबून ठेवत नाही. वळणाआधी दोन्ही लिव्हर जोरात दाबतो, वेग उतरला की सोडून देतो, चाकांना वारा लागू देतो. सातपायरीच्या वरच्या टोकाला पाच मिनिटं थांबतो, मध्ये पुन्हा एकदा. डिस्कला बोट लावायचं नाही, पाण्याचा थेंब टाकून बघायचं. थेंब उड्या मारायला लागला तर अजून दहा मिनिटं.

मागच्या रविवारी पावसाच्या उघडिपीत पुन्हा तोरणमाळला गेलो. धुक्यात रस्ता हातभरच दिसत होता, कड्यांवरून पाणी सांडत होतं. उतरताना तीन ठिकाणी थांबलो. तिसऱ्या वळणावर, जिथे फेब्रुवारीत गटारात गेलो होतो, तिथे आता कमरेएवढं गवत वाढलंय. सायकल टेकवून मागचा लिव्हर दाबून पाहिला. दोन बोटांनी दाबला, सोडला, खट्‌कन जागेवर आला.