पानवलच्या पुलावरचे महानायक : ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’चे परीक्षण

टेबलाभोवती बसून, आपापले पात्र वठवत आणि फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याच्या भूमिकाखेळांपैकी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या जादू-राक्षसांच्या खेळाची तिसरी आवृत्ती 2000 साली आली आणि तिचे मूळ नियम खुल्या परवान्यामुळे इतरांनाही वापरता येऊ लागले. त्याच पायावर स्टीव्ह केनसन यांनी महानायकांसाठी (सुपरहीरोंसाठी) रचलेला खेळ म्हणजे ‘म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स’. ‘ग्रीन रोनिन’ने तो 2002 मध्ये प्रथम प्रकाशित केला. रत्नागिरीतील आमचा गट त्याची 2011 सालची तिसरी आवृत्ती खेळतो आणि हे परीक्षण तिचेच आहे.

जादू आणि राक्षसांच्या खेळातला नायक दुबळा असताना सुरुवात करतो, लढाया जिंकत एकेक पातळी चढतो आणि त्याबरोबर त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येईल हे सांगणारे गुण, वाढत जातात. महानायकाची ताकद मात्र पहिल्या प्रसंगातच पूर्ण असते. ती कशासाठी पणाला लावायची, एवढाच प्रश्न असतो. म्हणूनच केनसन यांनी वीस बाजूंचा फासा ठेवून हिट पॉइंट मुळापासून काढून टाकले, हा मला या पुस्तकातला सर्वांत धाडसी आणि योग्य निर्णय वाटतो. फटका बसला की खेळाडू कणखरपणाचा फासा टाकतो आणि फटक्याच्या श्रेणीत (ताकद मोजणाऱ्या आकड्यात) 15 मिळवून येणारी संख्या गाठायचा प्रयत्न करतो. थोडक्यात हुकले तर पुढचे फटके सोसणे किंचित अवघड होते, आणि फरक वाढत गेला तर भोवळ येण्यापासून बेशुद्धीपर्यंत वेळ येते.

नियमांचे खरे सामर्थ्य आम्हाला कोकण रेल्वेच्या पानवल पुलावर घडणाऱ्या कथानकात दिसले. पूल 64 मीटर उंच, आणि गाडीचा एक डबा कठड्याबाहेर झुकलेला. या खेळात श्रेणी एकने वाढली की क्षमता दुप्पट होते. श्रेणी 10 चे बळ सुमारे 23 टन उचलते, प्रवासी डबा त्याहून बराच जड असतो. परंतु जादा जोर लावण्याचा नियम वापरून नायक क्षणभर श्रेणी 11 गाठू शकतो. त्याची किंमत थकव्याने मोजावी लागते, आणि तो थकवा हीरो पॉइंट खर्चून घालवता येतो. हे हीरो पॉइंट नायकाच्या वैयक्तिक अडचणी कथेत आल्या की मिळतात, त्यामुळे घरच्या जबाबदारीत अडकलेला नायकच ऐन वेळी डबा तोलून धरतो. स्वभाव आणि गणित यांची इतकी घट्ट सांगड मी दुसऱ्या कोणत्याही नियमावलीत पाहिलेली नाही.

शक्ती घडवण्याची पद्धतही मोकळी आहे. मिरकरवाडा बंदरातल्या आमच्या नायिकेला भरतीचे पाणी वळवता येते; त्यासाठी वस्तू दुरून हलवण्याची शक्ती घेऊन तिला ‘फक्त पाणी’ ही मर्यादा घातली, की तिची किंमत नायक घडवण्यासाठी मिळणाऱ्या गुणांमध्ये प्रत्येक श्रेणीमागे 2 वरून 1 वर येते.

त्रास होतो तो नायक तयार करताना. नेहमीच्या दहाव्या शक्तिपातळीला (नायक किती बलवान असू शकतो याची मर्यादा) असे 150 गुण वाटायचे असतात, आणि हल्ल्याची अचूकता व परिणाम यांची बेरीज 20 च्या आत ठेवावी लागते. ही मर्यादा समतोलासाठी आवश्यकच आहे. तरीही नवखा खेळाडू या हिशेबात कंटाळतो आणि पहिली बैठक फासा न टाकताच संपते. नव्या गटाने पुस्तकातल्या तयार नमुन्यांपैकी एखादा निवडून थेट खेळायला बसावे आणि आपला नायक आपल्या हाताने घडवण्याचे काम पहिले कथानक पूर्ण झाल्यावर हाती घ्यावे.