ऑनलाइन चाचणी: गूगल फॉर्म्स, मूडल की टीसीएक्झाम?

धडा संपला की वीस मार्कांची चाचणी घ्यायची आणि निकाल शीटमध्ये हवा, एवढंच काम असेल तर गूगल फॉर्म्सच्या पुढे जाऊ नका. पण त्यात स्वतःचा टायमर नाही, चुकीच्या उत्तराचे मार्क कापता येत नाहीत आणि गणिताचं सूत्र चित्र म्हणून चिकटवावं लागतं. नीट-जेईईचा सराव घेणाऱ्या क्लासला हे सगळंच नडतं. शिवाय ते फुकट असलं तरी मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) नाही. सगळा डेटा गूगलकडे.

मूडल हे आपल्या सर्व्हरवर टाकून चालवायचं, शिकवणं आणि परीक्षा दोन्हींसाठीचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर; 2002 पासूनचं, मूळ ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं. त्याची खरी ताकद प्रश्नपेढीत आहे. एका प्रकरणाचे साठ प्रश्न भरून ठेवले की प्रत्येक मुलाला त्यातले वेगवेगळे दहा देता येतात. बरोबरला चार, चुकलं तर वजा एक, असं हवं असेल तर प्रश्नाला चार मार्क ठेवून चुकीच्या पर्यायापुढे वजा 25 टक्के निवडायचं. जुन्या प्रश्नपत्रिका एकगठ्ठा चढवायला आयकेन (Aiken) हा प्रश्न-पर्याय टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा साधा साचा सोयीचा. प्रश्न मराठीत चालतो, पर्यायांची अक्षरं मात्र रोमन कॅपिटलच हवीत. अ, ब, क, ड लिहिलंत की फाइल अडते. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेलं आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर स्क्रीनवर नुसती चिन्हं दिसतील. (हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं.)

अडचण सर्व्हरची. दहाच्या ठोक्याला दोनशे मुलांनी एकदम पेपर उघडला की स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (अनेक साइट्सनी वाटून घेतलेला भाड्याचा सर्व्हर) मान टाकतं.

टीसीएक्झाम हेही मुक्तस्रोत, पण फक्त परीक्षेपुरतं; कोर्स, फोरम वगैरे पसारा नाही. कॉम्प्युटर लॅबमधल्या एका मशीनवर टाकून लॅनवर (लॅबमधल्या मशीनच्या आपसातल्या जोडणीवर) चालवलं तर बाहेरचं नेट गेलं तरी पेपर थांबत नाही. तसं मूडलही लॅनवर चालतं, पण टीसीएक्झाममध्ये ओएमआर शीट (गोल काळे करायची उत्तरपत्रिका) छापून, स्कॅन करून तपासायची सोय मुळातच आहे. मशीन कमी नि मुलं जास्त अशा शाळेला ती फार कामाची. दिसायला जुनाट आहे आणि अडलं तर विचारायला मूडलइतकी माणसं नाहीत.

कॉपीचं काय? झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाचा सेफ एक्झाम ब्राउझर, म्हणजे पेपर चालू असताना दुसरं काही उघडू न देणारा ब्राउझर, मूडलला जोडता येतो. तो विंडोज, मॅक, आयपॅडवर चालतो, अँड्रॉइडवर नाही. म्हणजे आपली बहुतेक मुलं त्यातून बाहेरच. घरून फोनवर पेपर घेणार असाल तर प्रश्नपेढी मोठी ठेवा आणि वेळ आखडता द्या.

माझा कौल मूडलला, पण सर्व्हर सांभाळणारं माणूस असेल तरच. ते कंत्राटी असेल, तर अॅडमिनचा पासवर्ड आणि बॅकअप त्याच्याशिवाय आणखी कुणाकडे राहणार, हे आधी ठरवून घ्या.