बायपासनंतरची तीन वर्षे : पुण्यातील एका बॅरिॲट्रिक सर्जनविषयी

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात लिहिलेल्या अभिप्रायांवर माझा फारसा विश्वास नाही. वजन उतरवण्याच्या, म्हणजे बॅरिॲट्रिक, शस्त्रक्रियेच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण पहिल्या सहा महिन्यांत वजन बहुतेकांचे उतरतेच. सर्जन कसा आहे हे त्यापुढे कळू लागते. म्हणून पुण्यातील ज्या डॉक्टरांकडून मी गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी थैली करून ती आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) करून घेतला, त्यांच्याविषयी तीन वर्षे पूर्ण झाल्यावर लिहीत आहे. रुग्णालयाच्या बिलाबद्दल थोडे कडू लिहायचे असल्यामुळे नावे मुद्दाम देत नाही.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. त्या वेळी उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन १२८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४७ होता. मधुमेहाला नऊ वर्षे झाली होती आणि माझ्या घोरण्यामुळे सौभाग्यवती मुलीच्या खोलीत झोपू लागली होती. साडूंनी आदल्या वर्षी स्लीव्ह ही जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि त्यांचा ढगळ झालेला झब्बा पाहूनच मी निघालो होतो, त्यामुळे पहिल्याच भेटीत ‘मलाही तीच करा’ असे सांगून टाकले. डॉक्टरांनी त्यावर एवढेच विचारले, “सर, रात्री आडवे झाल्यावर घशाशी आंबट येते का?” येत होते, आणि बरीच वर्षे येत होते. एंडोस्कोपीत हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, आणि अन्ननलिकेच्या तळाशी सूज निघाली.

मग त्यांनी माझाच लॅबचा कागद उलटा केला आणि पाठीमागे दोन जठरे काढली. पहिल्यात, म्हणजे स्लीव्हमध्ये, जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून टाकून उरलेल्याची अरुंद नळी केली. अशा नळीत दाब वाढतो आणि ज्याला आधीच आंबट वर येते त्याचा त्रास बळावू शकतो, हे बाण काढून दाखवले. दुसऱ्यात, म्हणजे बायपासमध्ये, जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलिलिटरची छोटी थैली राखून तिला लहान आतडे जोडले. “साडूंचे पोट साडूंपाशी राहू द्या,” असे म्हणून त्यांनी कागद माझ्या हाती दिला. तो अजून माझ्या फायलीत आहे.

ऑपरेशनची तारीख मात्र त्यांनी लगेच दिली नाही. आधी झोपेची तपासणी आणि तीत स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणे, निघाल्यावर मुखवट्यातून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राची सवय, मग दोन आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार, असे सगळे करून घेतले. यकृताचा डावा भाग जठरावर येतो. दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो आणि चरबीने जड झालेले यकृत उचलणे अवघड असते, रक्तस्रावही सहज होतो. त्या आहाराने ते आक्रसते. माझी तारीख दोनदा पुढे ढकलली गेली तेव्हा मी चिडलो होतो, हे कबूल करतो.

त्यांच्या कारकिर्दीविषयी मला तुकड्यातुकड्यांनी कळले, ते बहुतेक रुग्णांच्या रविवारच्या बैठकांत. ते मुंबईत शस्त्रक्रियाशास्त्र शिकत होते त्याच सुमारास, १९९० साली, जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उडवाडिया यांनी भारतातील पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली होती. तेव्हा छेदाच्या लांबीवरून सर्जनची छाती मोजली जाई. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये हेच केले तेव्हा तिथल्याही सर्जन मंडळींनी नाके मुरडली होती. आमच्या डॉक्टरांनी खोक्याला भोके पाडून, आत दिवा लावून, टीव्हीकडे पाहत गाठी मारण्याचा सराव केला. पुढे बरीच वर्षे पित्ताशये आणि हर्निया हेच काम केले आणि हात पुरेसा बसल्यावर बॅरिॲट्रिककडे वळले.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. गॅस्ट्रिक बायपास अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकातच सुरू केला होता, पण तो पोट उघडून होई, आणि स्थूल माणसाच्या पोटावरचा मोठा छेद म्हणजे जखम चिघळणे, पुढे तिथेच हर्निया होणे, दुखण्यामुळे खोल श्वास न घेता येणे. विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी १९९४ मध्ये दुर्बिणीतून केलेल्या बायपासचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यानंतर हा मार्ग रुळत गेला. माझ्या पोटावर पाच लहान व्रण आहेत. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे दोन दिवस उजवा खांदा दुखला, पण त्याच संध्याकाळी मला उठवून चालवले आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवले. घरी औषधाच्या ३० मिलिलिटरच्या पेल्याने वरणाचे पाणी आणि ताक घोटघोट पीत राहिलो. शाळेत मात्र बायपास म्हटल्यावर निम्म्या सहकाऱ्यांनी हृदयाचे समजून फळे आणली.

आता बिल. रुग्णालयाने पॅकेज ४ लाख २५ हजारांचे सांगितले होते, प्रत्यक्षात ४ लाख ९० हजार झाले. जठर-आतडे कापून टाके घालणाऱ्या स्टेपलरच्या काडतुसांपैकी काही पॅकेजबाहेर धरली होती आणि हे आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळले. विमा नियामकाच्या नियमानुसार बीएमआय ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत गंभीर व्याधी असल्यास या शस्त्रक्रियेचा दावा मान्य होऊ शकतो. माझा झालाही, पण हा वरचा फरक खिशातून गेला. डॉक्टरांना सांगितले तर ते ‘ते ऑफिस पाहते’ म्हणाले. रुग्णाला इतके चित्र काढून समजावणाऱ्या माणसाकडून हे उत्तर मला अपुरे वाटले. जाणाऱ्यांनी काडतुसे किती धरली आहेत हे आधीच लेखी घ्यावे. ओपीडीत तीन तास बसण्याचीही तयारी ठेवावी.

त्यांच्याकडे एक जाड वही आहे, जुन्या वाण्याच्या खतावणीसारखी. प्रत्येक रुग्णाला त्यात एक पान असते आणि तपासणीला न आलेल्यांच्या तारखेवर लाल फुली पडते. दीड वर्षाने वजन ८४ वर आले, इन्सुलिन केव्हाच सुटले होते, आणि मी गोळ्या व तपासणी दोन्ही सोडून दिल्या. आहारतज्ज्ञ बाईंचे तीन फोन आले. शेवटी गेलो तेव्हा तळपायांना मुंग्या येत होत्या आणि बी-१२ फार खाली गेले होते. बायपासनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचे असते, हे मला शंभर वेळा सांगितलेले होते. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी वहीचे पान माझ्यापुढे सरकवले आणि लाल फुल्या मोजायला सांगितल्या. त्याआधी दहावीच्या निकालाच्या दिवशी दोन कंदी पेढे खाऊन मी, बायपासनंतर एकदम गोड सोसत नाही म्हणून, घामाघूम होऊन शिक्षकखोलीतल्या बाकावर आडवा झालो होतो, तेही त्याच पानावर त्यांनी लिहून घेतले.

आता बाजारात आलेल्या, वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइडच्या इंजेक्शनांविषयी एका बैठकीत कोणीतरी विचारले, तेव्हा काही रुग्णांना ते स्वतःच आधी तिकडे पाठवतात असे त्यांनी सांगितले. सर्जनच्या तोंडी हे ऐकून बरे वाटले.

माझे वजन सध्या ८८ आहे, मधुमेहाची एक गोळी उरली आहे आणि सीपॅप माळ्यावर गेले आहे. डॉक्टर आता नवे रुग्ण बहुतांशी त्यांच्या तरुण सहकाऱ्याकडे सोपवतात, वही मात्र स्वतःच्या टेबलावर ठेवतात. माझी पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, आणि रक्ततपासणीला उपाशीपोटी यायचे आहे.