डेबियन बॅकपोर्ट्स कित्येक महिने वापरल्यावर, आणि त्या एका टिल्डाबद्दल (~) थोडं जास्तच

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या १२ (टोपणनाव बुकवर्म) वरून १३ (ट्रिक्सी) वर गेलो नुकताच, आणि जिथे नक्की अडकणार असं वाटत होतं तिथे काहीच अडकलं नाही, म्हणून हे लिहितोय. बुकवर्मवर माझं कर्नल (सिस्टीमचा गाभा), फर्मवेअर (हार्डवेअरला लागणारं छोटं सॉफ्टवेअर) आणि लिबरऑफिस तिन्ही बॅकपोर्ट्समधून, म्हणजे चालू रिलीजवर नवीन व्हर्जन्स देणाऱ्या डेबियनच्याच वेगळ्या जागेतून, आणलेलं होतं. पॅकेज कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेसच्या फाइलमध्ये बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी केलं, बॅकपोर्ट्सची ओळ बंद केली, फुल-अपग्रेड दिलं आणि एपीटीने (पॅकेज आणणाऱ्या-बदलणाऱ्या साधनाने) तिन्ही नीट बदलली, एकही पॅकेज होल्डवर नाही, कुठे भांडण नाही.

मुळात बॅकपोर्ट्सकडे गेलो ते वायफायमुळे. बुकवर्मचं कर्नल ६.१ आणि माझ्या लॅपटॉपमधल्या कार्डाचा ड्रायव्हर आला ६.७ ला, म्हणजे कार्ड मशीनला दिसतच नव्हतं. कंपनीच्या सपोर्टवाल्यांनी हात वर केले, दुकानदार म्हणाला डोंगल घ्या. कार्डाचे पैसे लॅपटॉपसोबत दिलेत ना, मग वर डोंगल का घ्यायचं? फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं आणि त्यावरून बॅकपोर्ट्सचं कर्नल उतरवलं. तरी वायफाय बंदच. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) बघितलं तर ड्रायव्हर लोड झालेला, पण फर्मवेअरची फाइल सापडत नाही म्हणून तिथेच थांबलेला. बॅकपोर्ट्सच्या ओळीत मेनच्या पुढे नॉन-फ्री-फर्मवेअर हा शब्दही लागतो, आणि फर्मवेअर पॅकेजसुद्धा तिकडचंच नवीन घ्यावं लागतं. हे दोन्ही झालं आणि रीबूटनंतर नेटवर्कची यादी दिसली.

सुरुवातीला एका गोष्टीचा जाम राग यायचा. बॅकपोर्ट्सची ओळ टाकली तरी एपीटी स्वतःहून तिथलं काहीच घेत नाही, प्रत्येक वेळी मायनस टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स असं सांगावं लागतं. कारण त्या रिपॉझिटरीची प्रायॉरिटी १०० आणि स्टेबलची, म्हणजे डेबियनच्या नेहमीच्या रिलीजची, ५०० (मोठा आकडा आधी). पण एकदा का एखादं पॅकेज तिथून घेतलं की त्याचे पुढचे अपडेट तिथूनच आपोआप येतात. हे वापरत गेलो तसं माझं मत पूर्ण फिरलं. एपीटी-कॅश पॉलिसी (कुठलं पॅकेज कुठून येतं ते दाखवणारी कमांड) चालवलं की तीन गोष्टी नवीन आणि बाकी अख्खी सिस्टीम जशीच्या तशी स्टेबल, हे डोळ्यांना दिसतं. याउलट टेस्टिंगची (पुढच्या रिलीजची तयारी चालते तिथली) ओळ सरळ स्टेबलमध्ये घुसवली की एका प्रोग्रामपायी जीलिबसी या मूळ लायब्ररीसकट अर्धी सिस्टीम बदलते, आणि मागे यायची वाट राहत नाही. बॅकपोर्ट्समध्ये टेस्टिंगचंच पॅकेज असतं, पण ते स्टेबलच्या लायब्ररींवर पुन्हा कंपाइल केलेलं.

आता टिल्डा. बॅकपोर्ट केलेल्या पॅकेजच्या व्हर्जनला शेवटी ~बीपीओ१२+१ असं शेपूट असतं. डेबियनच्या व्हर्जन तुलनेत टिल्डा हा सगळ्यात लहान, अगदी शेपूट नसण्यापेक्षाही लहान. म्हणजे ट्रिक्सीत तेच व्हर्जन शेपटाशिवाय असेल तर एपीटीला ते नवीन वाटतं आणि अपग्रेडच्या वेळी बॅकपोर्ट आपसूक बाजूला होतं. शिवाय नियम असा की बॅकपोर्ट्समध्ये पुढच्या रिलीजपेक्षा नवीन काही येऊ द्यायचं नाही, त्यासाठी स्लॉपी नावाची वेगळी जागा आहे. एका चिन्हावर पुढच्या अपग्रेडची सगळी सोय आधीच करून ठेवलीये लोकांनी, मला याचं मनापासून कौतुक आहे. अपग्रेड चालू असताना स्क्रीनवर ती शेपटं एकेक करून जाताना बघितली.

त्रास झालाच नाही असं नाही. बुकवर्मचं ६.१ एलटीएस (लांब काळ सांभाळलं जाणारं) आहे, ते जागचं हलत नाही, फक्त दुरुस्त्या येतात. बॅकपोर्ट्सचं कर्नल मात्र उड्या मारतं, ६.७, ६.९, ६.१०, ६.११ असं करत ६.१२. बाहेरून घेतलेल्या एका ड्रायव्हरचं डीकेएमएस मॉड्यूल (प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बनवावा लागणारा भाग) दोनेकदा या उड्यांत मोडलं, मग तो ड्रायव्हर सुधारून येईपर्यंत जुन्या कर्नलवर बूट करून काम भागवायचं. आणि लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ पण बॅकपोर्ट्समधूनच लागतं, नुसतं लिनक्स-इमेज घेतलं तर मॉड्यूल बनतच नाही. जुनं चालणारं कर्नल काढून टाकू नका, एवढं नक्की सांगेन.

दुसरं म्हणजे सिक्युरिटी. डेबियनची सिक्युरिटी टीम बॅकपोर्ट्स बघत नाही, ज्या मेंटेनरने पॅकेज आणलं त्याच्यावर ते असतं, आणि दुरुस्ती साधारण आधी वरच्या रिलीजमध्ये होऊन मग खाली येते. म्हणून नेटवर उघड्या असणाऱ्या सर्व्हरच्या गोष्टी मी तिथून घेतल्या नाहीत आणि घेणारही नाही. ब्राउझरसाठी तर गरजच नाही, फायरफॉक्स ईएसआर आणि क्रोमियमची नवी व्हर्जन्स स्टेबलमध्येच सिक्युरिटी अपडेटमधून येतात. लिबरऑफिस मात्र खुशाल घ्या, ७.४ वर अडकून बसण्यात काही अर्थ नव्हता, आणि ते बिघडलं तरी मशीन चालू राहतं.

ट्रिक्सीत कर्नल ६.१२ च आहे, त्यामुळे वायफाय आता स्टेबलवरच चालतंय. ट्रिक्सी-बॅकपोर्ट्सची ओळ लिहून ठेवलीये पण पुढे हॅश लावून, म्हणजे बंद. जुन्या मशीनवर सगळं चालतच असेल तर ती उघडायची घाई करू नका. नवं हार्डवेअर घेणार असाल तर आधी त्याच्या कार्डाचा ड्रायव्हर कुठल्या कर्नलमध्ये आला ते शोधा, मग ठरवा.