म्युनिकचे डॉइचेस म्युझियम: यंत्रांइतक्याच पाट्याही वाचाव्यात असे संग्रहालय

म्युनिक शहरातून वाहणाऱ्या इसार नदीतल्या एका बेटावर डॉइचेस म्युझियमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ‘जर्मन संग्रहालया’ची, अवाढव्य इमारत उभी आहे. २८ जून १९०३ रोजी या संग्रहालयाची स्थापना झाली ती ऑस्कर फॉन मिलर या विद्युत अभियंत्याच्या पुढाकाराने. हा माणूस अभियंता होताच, पण लोकांना चकित कसे करावे हेही त्याला उत्तम कळत असे. १८८२ साली त्याने फ्रेंच अभियंता मार्सेल देप्रे याच्या साथीने मीसबाख या गावातून सत्तावन्न किलोमीटर दूर असलेल्या म्युनिकपर्यंत तारेने वीज आणली आणि तिथल्या प्रदर्शनात त्या विजेवर पंप चालवून एक छोटा धबधबा वाहता करून दाखवला. वीज डोळ्यांना दिसत नाही, पाणी दिसते. या संग्रहालयाची सारी रीत त्या धबधब्यात आहे, असे मला वाटते.

कारण वस्तू काचेआड ठेवून तिच्याकडे आदराने पाहायला लावणे मिलरला पुरेसे वाटत नव्हते. पाहणाऱ्याने दांडा फिरवावा, खटका दाबावा आणि आतले तत्त्व स्वतः अनुभवावे, हा त्याचा आग्रह होता. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात लहानपणी तासन्‌तास खटके दाबत बसलेल्या माणसाला इथे परकेपणा वाटत नाही तो यामुळेच. बेटावरच्या इमारतीची पायाभरणी १९०६ मध्ये झाली, पण मध्ये महायुद्ध आले, त्यामागून महागाईने पैशाचे मोलच उरू दिले नाही, आणि दारे उघडली ती ७ मे १९२५ रोजी, मिलरच्या सत्तराव्या वाढदिवशी.

संग्रहाबद्दल किती लिहावे! हवेचा दाब किती प्रचंड असतो हे दाखवणारे ओटो फॉन गेरिके याचे मागडेबुर्गचे अर्धगोल, रुडॉल्फ डीझेलचे १८९७ चे इंजिन, लिलिएन्थालचे ग्लायडर, राइट बंधूंचे विमान, आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत जिच्यातून नेपच्यून प्रथम ओळखला गेला ती फ्राउनहोफरची दुर्बीण, हे सगळे एका संस्थेकडे आहे. कृत्रिम आकाश दाखवणारा झाइस कंपनीचा पहिला प्रक्षेपकही १९२३ साली, इमारतीची दारे उघडण्याआधीच, इथे दाखवला गेला.

तरीही मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी लाकडी मेजवजा वस्तू. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये युरेनियमच्या अणूचे विभाजन झाल्याचे ज्या उपकरणांवरून कळले, ती या टेबलावर मांडलेली आहेत. मूळ प्रयोगशाळेत ती एकाच टेबलावर नव्हती, वेगवेगळ्या खोल्यांत होती. संग्रहालयाने ती एकत्र आणली. ही मांडणी कित्येक दशके, रसायनशास्त्रज्ञ ओटो हान यांच्या नावाने, ‘ओटो हान यांचे टेबल’ म्हणून लोकांना दाखवली गेली. हान यांच्याबरोबर तीस वर्षे काम केलेल्या आणि ज्यू वंशाच्या असल्यामुळे १९३८ च्याच जुलैमध्ये जर्मनीतून पळून जावे लागलेल्या भौतिकशास्त्रज्ञ लीझ माइटनर यांचे श्रेय त्या पाटीवर नव्हते. त्या प्रयोगाचा भौतिक अर्थ ओटो फ्रिश यांच्यासह प्रथम उलगडला तो त्यांनीच. टीका झाल्यानंतर ही चूक दुरुस्त झाली आणि आता माइटनर व प्रयोगातले हान यांचे सहकारी फ्रित्झ श्ट्रासमान यांचीही नावे हान यांच्या जोडीने घेतली जातात. टेबल तेच राहिले, बदलली ती पाटी. आणि राष्ट्रीय म्हणवणाऱ्या संग्रहालयाचे खरे काम त्या पाटीवरच चालते.

या वास्तूचा स्वतःचा भूतकाळही निर्मळ नाही. नोव्हेंबर १९३७ मध्ये ज्यूंविरुद्ध विष कालवणारे कुप्रसिद्ध नाझी प्रदर्शन भरले ते याच संस्थेच्या ग्रंथालयाच्या इमारतीत. संग्रहातले नाझी जर्मनीचे व्ही-२ अग्निबाण पाहताना, ते छळछावणीतल्या कैद्यांना भुयारी कारखान्यात राबवून बनवले गेले हे विसरून नुसत्या अभियांत्रिकीचे कौतुक करणे मला जमले नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. इमारतीचे नूतनीकरण टप्प्याटप्प्याने चालले आहे. पहिला मोठा भाग २०२२ मध्ये नव्याने उघडला, उरलेल्याचे काम २०२८ पर्यंत पूर्ण करण्याचा बेत आहे. त्यामुळे पोटाचा भाग कापून आतली रचना दाखवणारी यू-१ पाणबुडी किंवा कोळसाखाणीची जुनी प्रतिकृती डोळ्यांसमोर ठेवून निघालेल्यांनी आधी कोणते विभाग उघडे आहेत याची खात्री करून घ्यावी. पाट्या जर्मनबरोबर इंग्रजीतही आहेत. विमाने दिसताच लहान मुले तिथून हलायला तयार होत नाहीत, म्हणून मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तो विभाग शेवटी ठेवावा. एका दिवसात सारे उरकण्याचा हट्ट केल्यास पाय तेवढे दुखतात. दोन दिवस काढता येत नसतील, तर मी अणुभौतिकी, विमाने आणि वाद्ये एवढेच पाहीन आणि बाकीचे पुढच्या खेपेला ठेवीन.