डोमेनच्या नोंदीतून नाव बाहेर ठेवलं : दीड वर्षाच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. वेबसाइट एकट्या माणसाची असेल आणि ती घरच्या पत्त्यावर, स्वतःच्या मोबाइल नंबरावर नोंदवलेली असेल, तर डोमेन प्रायव्हसी, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या (डोमेनच्या) सार्वजनिक नोंदीत मालकाची माहिती झाकणारी सेवा, घ्यावीच. मी जी सेवा वापरते तिला पाचांपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण नाव झाकण्यासाठी नाही, ते काम ती चोख करते. गुण कापला तो टपालासाठी, म्हणजे झाकलेल्या पत्त्यावर येणारी पत्रं माझ्यापर्यंत पोहोचवण्याच्या कामासाठी. या सेवा निवडताना बहुतेक जण नेमकं तेच बघत नाहीत, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

मला लहानपणापासून फिट्स येतात. अपस्मारासोबत रोजचं आयुष्य कसं जगायचं यावर मी टोपणनावानं एक वेबसाइट चालवते. गोळी चुकली तर काय करायचं, नोकरीच्या मुलाखतीत सांगायचं की नाही, जोडीदाराला कधी सांगायचं, समोर कुणाला झटका आला तर काय करावं आणि काय अजिबात करू नये, असे विषय असतात. लोक फार मोकळेपणानं पत्रं लिहितात. या आजारात लाजण्यासारखं काही नाही असं मी तिथे पुन्हा पुन्हा लिहिते आणि ते मनापासून मानते. पण आजार कुणाला आणि कधी सांगायचा, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा असतो. डोमेनचं नाव टाकून दोन क्लिकमध्ये माझं खरं नाव आणि घर सापडत असेल, तर तो हक्क माझ्याकडे राहत नाही.

हे सापडायचं कसं, ते थोडक्यात. डोमेन नोंदवताना रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवून देणारी कंपनी, नाव, पत्ता, ईमेल, फोन घेतो. ही माहिती ‘हूइज’ नावाच्या यंत्रणेतून कुणालाही बघता येत असे. ‘हूइज’चं पहिलं तपशीलपत्र 1982 सालचं. तेव्हा नेटवर्कवर मोजकी माणसं होती आणि कुठलं यंत्र बंद पडलं तर कुणाला विचारायचं, हे कळायला अशी यादी सोयीची होती. पुढे त्याच नेटवर्कवर कोट्यवधी लोक आले, दुकानं आली, छळ करणारेही आले, आणि यादी मात्र तशीच उघडी राहिली. मोठा बदल झाला तो 2018 मध्ये. युरोपचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षण कायदा 25 मे रोजी लागू झाला आणि त्याच्या आठवडाभर आधी आयकॅननं, म्हणजे जगभरच्या डोमेनव्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, तात्पुरते नियम काढले. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा डोमेनच्या नोंदीत व्यक्तीचं नाव, रस्ता, फोन यांच्या जागी ‘रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी’ असा शिक्का दिसू लागला. 28 जानेवारी 2025 पासून तर या डोमेनसाठी जुनी ‘हूइज’ सेवा चालवण्याचं बंधनही उरलं नाही. आता तिची जागा ‘आरडॅप’ या तशाच कामाच्या नव्या यंत्रणेनं घेतली आहे.

मग वेगळी सेवा घ्यायचीच कशाला? हा प्रश्न मलाही वारंवार विचारला जातो आणि तो रास्त आहे. पहिलं म्हणजे, नुसतं शिक्का मारून झाकलेल्या नोंदीत राज्य आणि देश उघडे राहतात. छोट्या भाषेत, छोट्या विषयावर लिहिणाऱ्याला ओळखायला कधी कधी तेवढं पुरतं. प्रॉक्सी सेवा घेतली की तिथे सेवा देणाऱ्या कंपनीचं नाव, तिचंच राज्य आणि तिचाच देश दिसतो. ‘डोमेन्स बाय प्रॉक्सी’ किंवा ‘विथहेल्ड फॉर प्रायव्हसी’ ही नावं तुम्ही अशा नोंदींत पाहिली असतील. दुसरं म्हणजे, देशांच्या डोमेनना आयकॅनचे हे नियम लागू नसतात. त्या डोमेनची मूळ यादी सांभाळणाऱ्या प्रत्येक रजिस्ट्रीचं धोरण वेगळं. अमेरिकेच्या डॉट यूएसमध्ये प्रॉक्सी नोंदणीला 2005 पासून मनाई आहे, म्हणजे तिथे मालकाचं नाव उघडंच राहायचं. माझ्यासारखं काही लिहायचं असेल तर डोमेनची शेपटी निवडतानाच हे तपासा, नंतर तपासून उपयोग नाही.

आता फरक किती पडतो ते. माझं एक जुनं डोमेन आहे, व्यवसायाच्या कामाचं. ते उघड्या नोंदींच्या काळातलं. फोन करणारे डोमेनचं नाव घेऊनच बोलतात, त्यामुळे नंबर कुठून मिळाला याबद्दल शंका राहत नाही. ‘लोगो करून देतो’, ‘पहिल्या पानावर आणतो’ असे फोन त्या डोमेनच्या नावानं आजही अधूनमधून येतात. तिथली नोंद झाकून कित्येक वर्षं झाली तरी येतात, कारण जुन्या नोंदी साठवून विकणाऱ्या कंपन्या आहेत आणि एकदा उघडी पडलेली माहिती त्यांच्याकडून परत मिळत नाही. नवं डोमेन मी पहिल्या मिनिटापासून प्रॉक्सीखाली घेतलं. त्याच्या नावानं मला आजवर एकही फोन आलेला नाही. नूतनीकरणाच्या खोट्या बिलांसारखी दिसणारी पत्रंही त्या नावानं घरी आलेली नाहीत. म्हणून प्रायव्हसी डोमेन घेतानाच चालू करायची, ‘साइट जरा मोठी झाली की बघू’ म्हणून थांबायचं नाही.

नोंदणीच्या फॉर्मवर ‘संस्था’ असा एक रकाना असतो. तुम्ही व्यक्ती असाल तर तो रिकामा ठेवा. तिथे काही भरलं तर डोमेन संस्थेचं मानलं जाऊ शकतं, आणि संस्थेचं नाव नोंदीत दाखवायला मुभा असते.

टपालाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. नोंदीत माझ्या ईमेलच्या जागी अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ दिसते. त्या पत्त्यावर आलेलं पत्र सेवा माझ्या खऱ्या पत्त्याकडे पाठवते. ही माळ काही काळानं आपोआप बदलते, आणि ती खरंच उत्तम सोय आहे. जाहिरातवाल्यांनी उचललेला पत्ता थोड्याच दिवसांत निरुपयोगी होतो. सुरुवातीच्या महिन्यांत कचरा येत होता, पुढे तो जवळजवळ थांबला.

पण चाळणी फार बारीक आहे. फिट आलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही का घालायचं नाही, हे मी चित्रांसह लिहिलं आहे. ते पान आपल्या प्रशिक्षणात वापरण्याची परवानगी एका संस्थेला हवी होती. त्यांनी नोंदीतल्या पत्त्यावर लिहिलं, उत्तर आलं नाही, पुन्हा लिहिलं, तरी नाही. शेवटी साइटवरचा संपर्काचा फॉर्म त्यांना दिसला आणि तिथून पत्र आलं तेव्हा मला कळलं. आधीची दोन्ही पत्रं सेवेनं जाहिरात समजून गाळली होती. मला सूचना नाही, पाठवणाऱ्याला ‘पोहोचलं नाही’ असा निरोपही नाही. मदत विभागाला विचारलं तर ‘आमची यंत्रणा नको असलेली पत्रं थांबवते’ एवढंच उत्तर. कोणती पत्रं थांबवली याची यादी दाखवायची सोय नाही. परवानगीचं पत्र उशिरा मिळालं म्हणून त्या संस्थेचं प्रशिक्षण लांबलं, आणि याचं मला खूप वाईट वाटलं. अशीच एखादी कायदेशीर नोटीस गळाली असती तर? नोटिशीतली मुदत मी वाचेपर्यंत थांबत नाही.

म्हणून आता मी दर थोड्या आठवड्यांनी दुसऱ्याच मेलबॉक्समधून झाकलेल्या पत्त्यावर चाचणीचं पत्र पाठवते : एक साधं, एक दुवा असलेलं, एक जोडपत्र असलेलं. साधं आणि दुव्याचं येतं. जोडपत्राचं कधी येतं, कधी नाही. काही सेवा ईमेल पत्त्याऐवजी वेबफॉर्म देतात. त्याही मी दुसऱ्यांच्या डोमेनवर वापरून पाहिल्या. पाठवणाऱ्याला आपण काय पाठवलं याची प्रतसुद्धा मिळत नाही आणि जोडपत्राची तर सोयच नसते. माझ्या मते पत्ता असलेली सेवा फॉर्मवाल्यापेक्षा बरी.

एक दिलासा आहे. मुदत संपत आल्याच्या सूचना या वाटेनं येत नाहीत. साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना देणं आयकॅननं रजिस्ट्रारला बंधनकारक केलं आहे, आणि त्या माझ्या खात्यातल्या खऱ्या ईमेलवर थेट येतात. तेव्हा खात्यात खरा, चालू ईमेल ठेवा. झाकायचं आहे म्हणून खोटं नाव-पत्ता देण्याचा मोह काहींना होतो. तसं करू नका. आयकॅनसोबतच्या 2013 च्या करारानुसार रजिस्ट्रारला ईमेल किंवा फोनची पडताळणी करावी लागते. पंधरा दिवसांत उत्तर नाही मिळालं तर डोमेन बंद होऊ शकतं, आणि मुद्दाम दिलेली खोटी माहिती हे नोंदणी रद्द करायला पुरेसं कारण आहे. शिवाय उद्या खातं कुणी बळकावलं तर ‘हे माझंच’ हे कुठल्या कागदावर सिद्ध करणार?

कागदाचाच प्रश्न आहे तर प्रॉक्सीचा दुसरा पैलूही समजून घ्या. प्रॉक्सीत नोंदीपुरती मालक ती कंपनी असते, मला डोमेन वापरायला मिळतं ते आमच्यातल्या करारामुळे. साध्या प्रायव्हसी सेवेत मालक म्हणून माझंच नाव राहतं, फक्त संपर्काचे तपशील बदललेले असतात. पण मग नाव दिसतं, म्हणजे माझ्या कामाची ती नाही. 2007 मध्ये रजिस्टरफ्लाय हा रजिस्ट्रार कोसळला तेव्हा प्रॉक्सी घेतलेल्या ग्राहकांची विशेष अडचण झाली, कारण नोंदींत खऱ्या मालकांची नावंच नव्हती. म्हणून पैसे भरल्याच्या पावत्या आणि खात्यात माझं नाव दाखवणारं पान मी प्रत्येक वेळी उतरवून ठेवते.

नूतनीकरणानंतर नोंद स्वतःच्या डोळ्यांनी बघणं हा आणखी एक नियम मी पाळते. 2015 मध्ये सिस्को कंपनीच्या टालोस या सुरक्षा-संशोधन गटानं उघड केलं होतं की गुगल ॲप्सद्वारे घेतलेल्या 2 लाख 82 हजारांहून अधिक डोमेनची झाकलेली माहिती नूतनीकरणाच्या वेळी उघडी पडली. मालकांनी काहीही बदललं नव्हतं, यंत्रणेतल्या दोषामुळे झाकण पुढच्या मुदतीसाठी चालू राहिलंच नाही. काही ठिकाणी प्रायव्हसी हे डोमेनपेक्षा वेगळं उत्पादन असतं आणि त्याची मुदतही वेगळी असते. माझ्या सेवेत दोन्ही एकत्र चालतात, आणि चार गुणांतला एक त्यासाठीच आहे. तरी आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाकून मी पाहतेच. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

हे झाकण कुणापासून आहे हे मनाशी स्पष्ट असू द्या. रजिस्ट्रारला मी माहीत आहे, पैसे घेणाऱ्या बँकेलाही माहीत आहे. न्यायालयाचा आदेश आला तर माझं नाव दिलं जाईल. कुणी ट्रेडमार्कवरून यूडीआरपीखाली (डोमेनच्या वादांसाठीच्या आयकॅनच्या नियमांखाली) तक्रार केली तर रजिस्ट्रारकडून खरं नाव मागवलं जातं आणि प्रसिद्ध होणाऱ्या निकालपत्रात ते येऊ शकतं. डोमेनचं नाव निवडताना कुठल्याही कंपनीच्या नावाच्या जवळपाससुद्धा मी गेले नाही, त्याचं हे मोठं कारण. माझ्या सेवेच्या अटींत लिहिलं आहे की वाद उद्भवला तर मला कळवल्याशिवायही ती माझी माहिती देऊ शकते. हे वाचून मला बरं वाटलं नाही, पण जवळजवळ सगळ्यांच्या अटी मी वाचल्या आणि यातून पूर्ण सुटका कुठेच दिसली नाही. निदान ‘आधी कळवण्याचा प्रयत्न करू’ असं लिहिणारी सेवा निवडावी.

शिवाय नाव फक्त नोंदीतूनच बाहेर जातं असं नाही. साइट सुरक्षित जोडणीनं उघडावी म्हणून लागणारं एसएसएल प्रमाणपत्र घेतलं की डोमेन आणि त्याची उपडोमेनं सार्वजनिक नोंदवहीत जातात, तेव्हा उपडोमेनमध्ये स्वतःचं नाव नको. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं हे सांगणाऱ्या यंत्रणेत, ‘एसओए’ नावाची एक नोंद असते. तिच्यात एक ईमेल पत्ता असतो, तो तपासा. वर्डप्रेस असेल तर लेखकाचं वापरकर्ता-नाव बाहेरून वाचता येतं, म्हणून खातं टोपणनावानंच उघडायचं. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, ते पुसूनच फोटो चढवायचे. वाचक मोजणाऱ्या सेवेचा (ॲनालिटिक्सचा) एकच क्रमांक नावाच्या आणि टोपणनावाच्या अशा दोन्ही साइटवर वापरला तर जोडणी लागलीच. माझ्या दोन्ही डोमेनची होस्टिंग खाती मी त्यासाठीच वेगळी ठेवली आहेत.

आता अनेक रजिस्ट्रार ही सोय मोफत देतात. पैसे मागणारी सेवा घ्यायची असेल तर त्यांना तीन प्रश्न लेखी विचारा : अडवलेल्या पत्रांची यादी दिसते का, नूतनीकरणात प्रायव्हसी आपोआप पुढे जाते का, आणि माहिती कुणाला देण्याआधी मला कळवता का. दुसऱ्या प्रश्नाला माझ्या सेवेकडून ‘हो’ मिळालं, तिसऱ्याला ‘नेहमीच नाही’, पहिल्याला अजून ‘नाही’. अडवलेल्या पत्रांची यादी द्या अशी लेखी मागणी मी त्यांच्याकडे नोंदवली आहे. पुढच्या नूतनीकरणापर्यंत ती आली नाही, तर डोमेन दुसरीकडे हलवेन. तोवर साइटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी संपर्काचा फॉर्म ठेवला आहे आणि त्यावर ठळक लिहिलं आहे : नोंदीतल्या पत्त्यावर नको, इथे लिहा.